कच्चा कागद

“साबण संपला का रे?”

कल्याणात खोली घेतली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी घरमालकांनी दारात उभं राहून मला हे विचारलं. नाव विचारलं नव्हतं, गाव विचारलं नव्हतं. मी नुकता तोंड धुऊन आलेलो, खांद्यावर पंचा. म्हटलं, “नाही मालक, कालच तर आणलाय. हवाय का?”

“वडी नको. तिचा कागद कुठाय?”

कागद कोनाड्यात पडलेला. हिरवा, त्यावर कमळात उभी राहिलेली बाई. त्यांनी तो दोन बोटांनी उचलला, दाराच्या उजेडात धरून डोळे बारीक करून पाहिला, आणि चित्र खाली, पाठ वर, असा पालथा करून तळहातावर ठेवला.

“वडी संपली की सांग. विसरशील. विसरू नकोस. तोवर हा कच्चा आहे.”

आणि गेले. मला वाटलं, माणूस कामातून गेलेला दिसतो, खोली बदलावी. पण खोलीला खाडीकडची खिडकी होती. राहिलो.

त्यांचं नाव मी लिहीत नाही. नाव छापण्यावरून काय काय होतं ते पुढं येईलच. आम्ही भाडेकरू त्यांना मालक म्हणायचो आणि आळीतल्या बायका पाठीमागं कागदोबा म्हणायच्या. त्यांना दोन्ही ठाऊक होतं. दोन्हीला ओ द्यायचे.

माझं सांगायचं तर मी दुसरी शिकलेला आहे. मास्तरांनी माझा कान धरला, मी त्यांचा हात धरला, शाळा तिथंच सुटली. वाचता येतं, लिहिता हे असं येतं. कुणाला चुका काढायच्या असतील त्यानं खुशाल काढाव्यात. इंग्रज जाऊन थोडीच वर्षं झालेली तेव्हा. मी कल्याणच्या एका भात गिरणीत होतो, घर डोंबिवलीकडं. तेव्हाची डोंबिवली म्हणजे भातखाचरं, बेडकं, आणि त्यांच्यामधून कंदील घेऊन चालणारी माणसं. आज सांगितलं तर नातवंडं हसतात. हसूदेत.

मालकांचा नियम मला हळूहळू कळला. ते छापलेला कुठलाही कागद जमवायचे, पण मिळाला की झालं असं नव्हतं. काडेपेटीवरचा वाघ शेवटची काडी ओढल्यावर पिकायचा. साबणाच्या कागदावरची बाई वडी झिजून नाहीशी झाली की पिकायची. तंबूतल्या सिनेमाची जाहिरात तंबू गावातून उठला की. कागदावर जे छापलंय ते वापरून, होऊन, पार पडलं पाहिजे. मगच तो सुलटा करून उजव्या हाताच्या फळीवर जायचा. तोवर डाव्या फळीवर, पालथा. डाव्या फळीवरचं चित्र ते स्वतःसुद्धा बघत नसत. कैरीला बोटं लावून लावून ती पिकते का, म्हणायचे.

त्यांची थोरली बहीण, अक्का, लहानपणीच विधवा होऊन माहेरी आलेली. स्वयंपाक तिचा, भाडं वसूल करणं तिचं, आणि भावाला बोलणंही तिचंच. ती सांगायची, “इंग्रज गेला त्या दिवशी गावानं झेंडे लावले, पेढे वाटले. आणि आमचं हे ध्यान घरात बसून एकेका राजाला उताणा पाडत होतं. राजा पिकला म्हणे!”

“पिकलाच होता,” मालक शांतपणे म्हणायचे.

राजाच्या तोंडाची खूप तिकिटं आणि चिठ्ठ्या होत्या त्यांच्याकडं. लढाईत कल्याणजवळ लष्कराची छावणी पडलेली, तेव्हा हे रोज फिरायला तिकडंच. गोरे सोल्जर सिगारेटची पाकिटं फेकायचे, त्यांत जाडसर पत्ते निघायचे, त्यांवर पक्षी, जहाजं, नाचणाऱ्या बाया. सोल्जर त्यांना भिकारी समजून कधी पाव द्यायचे. पाव हे कुत्र्याला घालायचे आणि पावाचा कागद घरी आणायचे. घरचं भातशेत होतं, भाडेकरू होते, अंगात कोट होता. पण नजर कायम जमिनीवर, त्यामुळं मान अशी पुढं झुकलेली की मागून बघणाऱ्याला वाटावं ह्यांचं काहीतरी हरवलंय.

औषधाच्या बाटलीवरून भावाबहिणीचा एक जुना वाद होता. बाटलीवरची चिठ्ठी बाटली संपल्यावर पिकते की रोगी बरा झाल्यावर? मालक म्हणायचे, बाटली. अक्का म्हणायची, “रोगी मेला आणि बाटली संपली तर काय पिकलं रे? तुझं डोकं?” ह्यावर ते खिडकीशी जाऊन उभे राहायचे.

गिरणी बंद असली की दुपारी मी वर मालकांच्या ओटीवर पडायचो. ती दुपार अजून डोळ्यांपुढं येते. मालक परातीत कोमट पाणी घेऊन बसलेले. पाण्यात काडेपेट्या तरंगतायत. पातळ लाकडावरचा कागद आपोआप सुटेपर्यंत ते थांबायचे, ओढायचे नाहीत. सुटला की बांबूच्या कामटीवर अलगद घ्यायचा आणि सुपात पसरायचा. पापड वाळत घालावेत तशी ओटीभर सुपं, आणि सुपांत वाघ, चंद्र, हत्ती, आगगाडी, दोन घोडे, कमळ, परी, तलवार, घड्याळ. खाडीवरून ऊन परत फिरून ओटीच्या आढ्याला लागायचं आणि आढं पाण्यासारखं हलायचं. डोळे मिटत आले की मला वाटायचं सुपातली आगगाडी निघाली. हत्ती पाणी प्यायला परातीकडं चालला. मालकांचा आवाज कुठूनतरी लांबून यायचा, “हा स्वीडनचा. हा शिवकाशीचा. हा कुठला माहीत नाही, अक्षर ओळखीचं नाही, पण चंद्र आपलाच आहे.”

एकदा अशाच दुपारी दुर्गाडी किल्ल्याकडनं वारा सुटला आणि सुपं उलटली. सगळी चित्रं आळीवर उडाली. बायका पदर पसरून धावल्या, तांगेवाल्यानं घोडा थांबवला, मी कौलांवर चढलो. मालक मात्र ओटीच्या कडेला उभे राहून वर बघत होते. मान सरळ केलेली मी तेव्हाच पाहिली. खाडीवर एक पिवळा वाघ गिरक्या घेत लांब लांब चाललेला.

मी ओरडलो, “मालक, तो गेला!”

“जाऊदे,” ते म्हणाले. “पिकलेला होता.”

छावणीत पुढं फाळणीनंतर सिंधी लोक आणून ठेवले, तेव्हाही मालक तिकडं जात राहिले. तिथला एक कापडवाला त्यांच्या ओळखीचा झाला. पाठीवर गठ्ठा घेऊन कल्याणात फिरायचा. त्यानं मालकांना ताग्यांवरची तिकिटं दिली, सोनेरी कडेची, लक्ष्मी नि मोर छापलेली. आणि एक दिवस ओटीवर बसून खिशातून रेल्वेचं एक जाड तिकीट काढलं. कराचीच्या बाजूचं. जाऊन-येऊन काढलेलं. त्याचं जायचं तेवढं वापरून झालेलं आणि परतीचं अर्धं तसंच.

“काका, हे तुम्ही ठेवा. घरात बायको बघते आणि रडते.”

मालकांनी तिकीट घेतलं आणि पालथं करून डाव्या फळीवर ठेवलं. कापडवाला ते बघत होता. त्याला नियम माहीत होता. म्हणाला, “काका, ये तो कभी पकेगा नहीं.”

“न पिकूदे,” मालक म्हणाले. “फळी मोठी आहे.”

त्यानंतर तो आळीत आला की खालूनच हाक मारायचा, “काका, पका क्या?” आणि मालक वरून, “अभी नहीं.” दोघंही हसायचे. अक्का आत डोळे पुसायची आणि चुलीतल्या धुराला शिव्या द्यायची.

आता माझं.

माझं लग्न ठरलं ठाण्याकडं, खाडीकाठच्या एका मिठागरवाल्याच्या मुलीशी. आमच्याच आगरी समाजातला, पण नाक वर असलेला माणूस. पोरगी बघायला मी गिरणीतनं सरळ गेलेलो, कानाकेसांत भाताचा कोंडा तसाच. तिनं पाण्याचा तांब्या पुढं केला आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “येवरा कोंडा कानान घेऊन आलाव, कल्यानला पानी नाय का?”

मी तिथंच पक्का झालो. दुसरी पोरगी बघायची नाही.

पत्रिका कल्याणातल्या एका छापखान्यात टाकली. छापखाना म्हणजे एक खोली, एक पायानं चालवायचं यंत्र आणि दोऱ्यानं बांधलेला चष्मा घातलेला, शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवणारा एक माणूस. त्यानं माझ्या आधी कुणाच्या तरी तेराव्याचं पत्र छापलेलं. त्यातल्या एका ओळीचे खिळे सुटे करायचे राहिले, आणि तिच्यातलं एक अक्षर उचलून त्यानं माझ्या पत्रिकेत बसवलं. आता वाचा: ‘कै.’ अमुक अमुक यांची ज्येष्ठ कन्या चि. सौ. कां. तमुक. श्री. पाहिजे तिथं कै.! जिवंत माणूस कैलासात पोचवला.

पहिली पत्रिका देवापुढं ठेवली, दुसरी आमचे काका अक्षता घेऊन ठाण्याला घेऊन गेले. तिथं पडवीत चार माणसं जमलेली. गावच्या मास्तरनं मोठ्यानं वाचायला घेतली, आणि एका जागी त्याला खोकला आला. खोकला काही थांबेना.

मुलीचा बाप म्हणाला, “वाच ना रं मास्तर. थांबलास का?”

मास्तरनं वाचलं.

काका सांगतात, म्हातारा उठला. “मना जित्तेपनी मारलास? आनि मेलेला मानूस कन्यादान करतो काय रं? जा. सांग त्याला, लगीन मोरला.”

मोरला म्हणजे मोडला. आमच्यात ड चा र होतो. लग्न मोडलं.

निरोप असा होता की नवऱ्या मुलानं ठाण्याला येऊन चारचौघांत पाय धरावेत, मग बघू. माझा बाप म्हणाला, धर. आई म्हणाली, धर. मी म्हटलं, खिळे मी जुळवले का? चूक छापणाऱ्याची, पाय मी का धरू? छापणाऱ्यानं धरावेत, नाहीतर यंत्रानं. आजही मला विचारलं तर मी हेच सांगेन. बापानं सगळ्या पत्रिका चुलीत घातल्या. अपशकुनी कागद घरात नको.

एकच राहिली. मालक छापखान्यात नेहमी जायचे, बिघडलेले, शाई सांडलेले कागद मागायला. छापणाऱ्यानं माझी पत्रिका त्यांना पहिल्याच दिवशी देऊन टाकलेली. मला ती डाव्या फळीवर दिसली. पालथी असली तरी पिवळा कागद मी ओळखला, कडेला छापणाऱ्यानं लावलेलं कुंकवाचं बोट होतं.

“फाडा ती, मालक.”

“का?”

“लग्न मोडलंय.”

“तू म्हणतोस. तो म्हणतो. हिनं कुठं म्हटलंय?” त्यांनी पत्रिकेकडं बोट केलं. “कच्ची आहे. कच्चा कागद मी फाडत नाही.”

मी रागानं आठ दिवस त्यांच्याशी बोललो नाही. त्यांना ते कळलंही नसावं. रोज दारात यायचे, “साबण संपला का रे?” विचारायचे, उत्तराची वाट बघायचे आणि जायचे.

ठाण्याकडचं मीठ तेव्हा पडावांतून कल्याणला यायचं. भरतीबरोबर पडाव खाडीनं वर येत आणि आमच्या खिडकीखालून जात. एका सकाळी गिरणीकडं निघालो तर धक्क्यावर पडाववाल्यानं मला हाक मारली. म्हणाला, मिठागरवाल्याच्या पोरीनं निरोप दिलाय.

“काय म्हणाली?”

पडाववाला हसायला लागला. “म्हनली, कानातला कोंडा कार आनि आयक. चैतान भिवंडीचं येतान बघाला.”

भिवंडीचं स्थळ मला माहीत होतं. दोन बोटीवालं. चैत्र समोरच आलेला. मी पडाववाल्याला म्हटलं, सांग तिला, ऐकलं. एवढंच. दुसरं काय सांगणार? पाय धरतो म्हणून? गिरणीत गेलो आणि दिवसभर पोती अशी आपटली की मुकादम म्हणाला, तांदूळ आधीच मेलाय, त्याला परत मारू नको. संध्याकाळी खिडकीशी बसलो. रिकामे पडाव ओहोटीबरोबर ठाण्याकडं उतरत होते, एकामागून एक, आवाज न करता, जणू झोपेत चाललेत. ज्याच्यात बसलं की तिच्या दारात उतरता येईल असं काहीतरी माझ्या डोळ्यांखालून रोज जात होतं, आणि मी खिडकीत. अडून.

मालक येऊन बाजूला उभे राहिले. म्हणाले, “तो पडाववाला परत कधी यायचाय?”

“उद्या-परवा. का?”

“सहज.”

आणि तिसऱ्या की चौथ्या दुपारी मुलीचा बाप ओटीवर उभा! हातात काठी, पांढरी मिशी, पायांना मिठागराच्या चिखलाचा पांढरा थर. मी आतल्या दारात. मालक परातीशी बसलेले, ओटीभर सुपं पसरलेली. म्हातारा सुपांकडं बघून जरा बिचकला. पाय कुठं टाकावा कळेना.

“कागुदवाला तू काय?”

“मी. या. त्या परीच्या डावीकडून या, तिथं जागा आहे.”

“बसाला नाय आलू. माजी पत्रिका तुज्याकरं हाय, पडाववाला बोल्ला. ती दे. जालाची हाय.” जाळायची आहे, म्हणजे. मग आवाज उतरला. “ती छापल्यापासना मना बरं नाय. खोकला जात नाय. बाजारान गेलू का कोलनी हासतान, म्हनतान कैलासवाशी आलं, ताजी मासली द्या. बाकीच्या जालल्या, ही जालली का मी सुटलू.”

मालकांनी ओल्या हातानं बाजूची जागा पुसली. “अक्का, पाहुण्यांना चहा.” आणि म्हाताऱ्याला म्हणाले, “देतो. आधी ती कुठं आहे ते तर बघा.”

त्यांनी त्याला फळ्या दाखवल्या. उजवीकडची दाखवली. “हे सगळे संपलेले. हा इंग्रजांचा राजा. बघा, कसा वर तोंड करून पडलाय. ह्या साबणाची वडी नाही. ह्या सिनेमाचा तंबू नाही.” मग डावीकडं वळले. “आणि ह्यांचं अजून व्हायचंय. हे एका माणसाचं कराचीचं परतीचं तिकीट. जोवर ते पालथं आहे तोवर तो परत जाणारच नाही असं कुणी म्हणू शकत नाही. जायचाय, एवढंच. आणि ही तुमची.”

म्हातारा पिवळ्या पाठीकडं बघत राहिला. चहा आला, तो हातात धरून बघत राहिला.

“म्हंजे,” तो सावकाश म्हणाला, “पालथी हाय तवर मी…”

“जिवंत. पिकण्याआधी मी कुठलाही कागद सुलटा केलेला नाही. आळीत कुणालाही विचारा.”

“आनि जालली तर?”

“ते मला माहीत नाही. माझ्याकडं आजवर कुणी कच्चा कागद जाळला नाही. तुम्ही जाळून बघा. मग आपल्याला कळेल.”

म्हाताऱ्यानं चहा बशीत ओतला. “नको,” म्हणाला. “ऱ्हाऊंदे. तुज्याकरंच ऱ्हाऊंदे. पालथी.”

“राहील. पण एक अडचण आहे.” मालक परत परातीशी बसले आणि एका काडेपेटीखाली कामटी घातली. “हिच्यावर दोन गोष्टी छापल्यात. एक तुमची. दुसरी लग्नाची, ह्या मुलाशी. मुलगी भिवंडीला गेली तर हा कागद खोटा झाला. आणि खोटा कागद मी फळीवर ठेवत नाही. अक्काच्या चुलीत जातो.”

मी दारात. माझ्या कानातला सगळा कोंडा त्या क्षणी गळून पडला असावा. सुपातला एक कागद वाळताना कुरकुरला तो मला ऐकू आला.

म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, पहिल्यांदाच. मी नजर खाली केली नाही. तोही करेना. मग मालकांना विचारलं, “आनि ह्यो पाय धरनार काय?”

“नाय धरनार,” मी म्हटलं.

मालकांनी कामटीवरचा कागद उजेडात धरला. “तसं काही ह्याच्यात छापलेलं नाही,” म्हणाले.

म्हातारा एकदम हसला. हसता हसता त्याला खोकला आला, आणि खोकला आला म्हणून घाबरून फळीकडं पाहिलं, पत्रिका पालथीच आहे ना. होती. मग आणखी हसला. चहाची बशी संपवली, काठी उचलली, परीच्या डावीकडून उतरला. पायऱ्यांवरून ओरडला, “चैतान! आनि पत्रिका छापू नुको रं बाबा, तोंडानं सांग!”

तो गेल्यावर अक्का बाहेर आली. “खोटे कागद चुलीत टाकतो म्हणे! जन्मात एक चिटोरं टाकलंयस का? त्या पडाववाल्याला निरोप तूच दिलेलास ना?”

मालक खिडकीशी जाऊन उभे राहिले. मी मागं गेलो. म्हटलं, “मालक, तुमचा ह्यावर खरंच विश्वास आहे, का म्हाताऱ्याला बनवलंत?”

ते खाडीकडं बघत होते. “काय आहे,” म्हणाले, “खोटा कागद मी अजून एकही पाहिला नाही. उशिरा खरे होणारे पाहिलेत.”

लग्न चैत्रात झालं. मेलेल्या माणसानं कन्यादान केलं, आणि कोळणींनी मांडवात त्याला तेच ऐकवलं. बायको माझ्या खोलीत राहायला आली. दुसऱ्या सकाळी मालक दारात. “साबण संपला का गं?” ती म्हणाली, “नाय. पन तुमच्यासाठी आज फरशी घासते त्यान.” संध्याकाळी वडीचा कागद सुलटा झाला. तेव्हापासून मालकांचा जीव तिच्यावर.

सासरे दर दिवाळीला यायचे. मुलीसाठी, असं म्हणायचे. पण आधी मालकांकडं वर जायचे. मीठ घेऊन जायचे, पानात बांधलेलं, चांगलं दाणेदार. फळीपुढं उभे राहायचे. पालथी आहे ना बघायचे, मग खाली येऊन लाडू खायचे. पुढं पुढं लाडू राहिला बाजूला, दोघं म्हातारे दिवसभर ओटीवर परातीशी बसलेले असायचे. सासऱ्यांना वाचता येत नव्हतं. त्यांना चित्रं पुरायची. मालक नाव सांगायचे, सासरे मान हलवायचे. आढ्यावर पाणी हलायचं. मी गिरणीतनं यायचो तेव्हा दोघांनाही डुलकी लागलेली असायची, आणि परातीतल्या काडेपेट्यांवरून वाघ आपोआप सुटून वर आलेले.

मालक गेले ते दिवस थंडीचे होते. फार आजारी नव्हते. छातीत कफ झाला, डॉक्टरनं बाटली दिली. अर्धी बाटली राहिली. दहावा झाला त्या दिवशी अक्कानं ती बाटली परातीत ठेवली, कोमट पाणी ओतलं, ओढलं नाही, चिठ्ठी सुटेपर्यंत थांबली. मग ती कामटीवर घेऊन डाव्या फळीवर ठेवली. पालथी. भावाचा नियम आणि तिचा, दोन्ही पाळले गेले.

तेराव्याचं पत्र छापायचं मला सांगितलं. सासरे ठाण्याहून आलेले, म्हणाले, मी येतो. छापखाना तोच. चष्म्याला दोरा तोच. खिळे जुळवणाऱ्यानं मला ओळखलं आणि उगाच पेन्सिल टोकली.

“ह्या वेळी मी नीट विचारून घेतो हां,” म्हणाला. “नावाच्या आधी कै. ना?”

मी हो म्हणणार तेवढ्यात सासऱ्यांनी काठी आपटली.

“श्री. घाल.”

“अहो बाबा, तेराव्याचं पत्र आहे. लोक हसतील.”

“हासूंदे. मना हासलं तवा मी मेलू काय?”

“पण ती चूक होती. हे मुद्दाम…”

“चूक कराला तुलाच येते काय? आमाला येत नाय?” आणि माझ्याकडं वळले. डोळे भरलेले, पण मिशी ताठ. “तू सांग ना रं त्याला. श्री. छापला तर त्यो कागुद पिकंल काय कवा?”

मी म्हटलं, “श्री. टाक.”

छापणाऱ्यानं माझ्याकडं पाहिलं, सासऱ्यांकडं पाहिलं, आणि खणातून श्री. उचलला.

पत्रं गेली. कल्याण हसलं. म्हणाले, दुसरी शिकलेल्या माणसाला काम सांगितलं की हे होणारच, ह्यानं आधी जिवंत माणसाला मारलं, आता मेलेल्याला जिवंत केलं. अक्कानं पत्र हातात घेतलं, वाचलं, आणि मला एकच गोष्ट विचारली, “किती छापलीत?” म्हटलं, भरपूर. “बरं केलंस,” म्हणाली.

कापडवाला येऊन आपलं तिकीट घेऊन गेला. मूठ मिटून नेलं, सुलटं करून बघितलं नाही. उजव्या फळीवरचं सगळं पुढं कसरीनं खाल्लं. वाईट वाटलं नाही. पिकलेलं होतं ते.

सासरे पुष्कळ जगले. मालकांनंतर त्यांची पत्रिका माझ्या घरी आली, आणि ते दर दिवाळीला ती बघायला माझ्याकडं येऊ लागले. ते गेले त्या दिवशी बायकोनं हात धुतले, पत्रिका सुलटी केली आणि वाचली, पहिल्यांदाच. कै. वडलांची ज्येष्ठ कन्या, आणि तिचं नाव, आणि माझं. “सगला खरा झाला,” म्हणाली.

त्या पत्रिकेच्या शेजारी मालकांच्या तेराव्याचं एक पत्र आहे. डोंबिवलीत आता सगळीकडं इमारती झाल्या, माझं कपाट चौथ्या मजल्यावर आहे आणि तिथून खाडी दिसत नाही. बायको दिवाळीला फळी पुसते तेव्हा ते पत्र उचलते, खालची धूळ पुसते आणि होतं तसं ठेवते. मागल्या वर्षी नातीनं विचारलं, “आजोबा, हे उलटं का ठेवलंय? सरळ करू?”

म्हटलं, “हात लावू नकोस गं. कच्चं आहे ते.”